किटलीतलं पेट्रोल

"पेट्रोल भरताय का उसाचा रस? मग आलं-लिंबू तरी टाका की त्यात!"

जयसिंगपूरच्या पंपावर मी घसा ताणून भांडत होते. आईची जुनी स्कूटर टाकी भरून निघाली, आणि चौकापर्यंत जाऊन खोकत खोकत थांबली. ती ढकलत मी परत आणली होती. पंपावरची माणसं दात काढत होती.

"रस नव्हं ओ, इथेनॉल..." मागून आवाज आला. "भांडायचं तर नाव तरी बरोबर घ्या."

वळून पाहिलं. सावळा, उंच, शर्टाला मळीचा आंबूस-गोड वास. डोळ्यांत नको तितकं हसू.

"लई माहितीय तुम्हाला!"

"मीच गाळतो की. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत. भरतेश चौगुले."

"मग ढकला आता. गॅरेजपर्यंत."

आणि त्यानं खरंच ढकलली! उसाच्या ट्रॅक्टरांची रांग चुकवत, घाम पुसत... एकदाही कुरकुरला नाही. मिस्त्रीनं पेट्रोलचा रबरी पाइप काढून त्याच्या हातात ठेवला. भिजत घातलेल्या वाटाण्यासारखा फुगला होता तो. भरतेश त्याकडं बघतच राहिला. हसू गेलं.

"नवीन घ्या की गाडी," तो हळूच म्हणाला.

"नवीन गाडीवर बायकांना शिकवू? पहिल्या दिवशी सगळ्या जणी पाडतात!"

माझा तोच उद्योग होता. गावातल्या बायकांना मी स्कूटर शिकवायचे. दादा म्हणायचा, भंगारात घाल ती, आणि लग्न करून मोकळी हो. स्कूटर थांबली असती तर माझं घराबाहेर पडणंच थांबलं असतं.

"आप्पांची लेक न्हवं तुम्ही? त्यांचा ऊस आमच्याकडंच येतो," भरतेश म्हणाला. "घराचा वरचा मजला त्यावरच चढला, न्हवं?"

"चढला. म्हणून तोंड शिवून घेऊ? इथेनॉल विका, कोण नको म्हणतंय! पण जुन्या गाडीवाल्यांना साधं पेट्रोल ठेवा, नाहीतर खरं तरी सांगा. पैसे आमचे, गाडी आमची, आणि तक्रार केली की म्हणे अफवा पसरवताय!"

त्यानं तो फुगलेला पाइप माझ्या हातात ठेवला. रविवारी तो दारात हजर — हातात दुधाची किटली.

"आमच्याकडं दूध येतं रोजचं."

"उघडून तर बघा."

झाकण उघडलं आणि पेट्रोलचा भपकारा नाकात गेला.

"कोल्हापुरात एका पंपावर मिळतं, इथेनॉल नसलेलं. किटलीत देत नाहीत, म्हणून आपल्या गाडीत भरलं आणि..." त्यानं ओठ पुसले. "नळी लावून तोंडानं ओढलं."

"बाकीची पोरं गजरा आणतात, चौगुले."

"गजऱ्यावर स्कूटर चालती व्हय?"

मी हसले. चिडायचं ठरवलं होतं, तरी हसले! मग रविवार आला की माझे कान फाटकाकडं लागायचे. तो टाकीत किटली रिकामी करायचा, उगाच प्लग काढून पुसायचा... आणि मी उगाच त्याच्या शेजारी बसायचे.

"डिस्टिलरीतला माणूस बाहेरून बिनइथेनॉलचं आणतो. कारखान्यात कळलं तर?"

"हाकलतील."

"मग कशाला आणता?"

तो माझ्याकडं बघत राहिला — आणि घाईनं खाली वाकला. "प्लग लई काळा पडलाय..."

प्लग लख्ख होता.

पुढच्याच रविवारी संध्याकाळी कारखान्यानं सभा घेतली, गाडीवाल्यांचे गैरसमज दूर करायला. पहिल्या रांगेत आप्पा. स्टेजवर मॅनेजर, आणि कडेला इस्त्रीच्या शर्टात भरतेश. "कुठल्याही गाडीला काहीही होत नाही!" मॅनेजर म्हणाले. टाळ्या पडल्या.

मी उठले. फुगलेला पाइप वर धरला. "मग ह्याला काय गालगुंड झालंय?"

हशा पिकला. मॅनेजरांचा चेहरा उतरला. "चौगुले, तुम्ही सांगा ह्या ताईंना."

भरतेशनं माईक घेतला. खरं बोलला तर त्याची नोकरी जाणार होती, आणि खोटं बोलला तर माझ्यासाठी तो कायमचा जाणार होता.

"नव्या गाड्यांना चालतंय," तो म्हणाला. "जुन्यांना... सोसत नाही. पाइप खराब होतो, मी बघितलाय. मी स्वतः दर रविवारी कोल्हापूरहून बिनइथेनॉलचं आणतो."

"तुझी गाडी तर नवी हाय की! मग कुणासाठी?" आप्पांनी खालून विचारलं.

भरतेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुमच्या... तुमच्या त्रिशलासाठी, मामा."

पुढचं कुणाला ऐकू आलं असेल! शिट्ट्या काय, टाळ्या काय... आप्पा तेवढे माझ्याकडं बघत होते. "तरीच म्हटलं," ते पुटपुटले, "घरात किटली एक आणि रविवारी दोन कशा दिसतात!"

मॅनेजरांनी भरतेशला उद्या केबिनमध्ये बोलावलं. बाहेर येऊन तो स्कूटरजवळ उभा राहिला, हात खिशात घालून.

"उद्या नोकरी गेली तर गं?"

पहिल्यांदाच 'गं' म्हणाला. मी किक मारली. एकाच किकमध्ये सुरू!

"तर माझ्या क्लासमध्ये लाग. पडणाऱ्या बायका झेलायला माणूस पाहिजेच मला. बस मागं."

चौक सोडला, कारखान्याचे दिवे मागं पडले, दोन्ही बाजूंना ऊस... मी स्कूटर थांबवली आणि वळून त्याच्याकडं बघितलं.

"अगं थांब... सकाळी नळी ओढलीय. तोंडाला पेट्रोलचा वास येतोय."

"येऊ दे," मी म्हटलं. "निर्भेळ आहे."