करवतीचा घास

आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या माणसाला हातभर लाकडी दांडा नीट मोजता येऊ नये, याचं मोजणीदारांच्या बायकोला भारी हसू यायचं. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी मागच्या गॅलरीला काचा लावून घेतल्या, एक बाक ठोकला आणि सुतारकामाला हात घातला. डाव, चमचे, फोटोच्या चौकटी, किल्ल्या अडकवायच्या पाट्या. कुणाचं लग्न असो, वाढदिवस असो, नवं घर असो, यांची भेट ठरलेली. लोक तोंडावर वाहवा करायचे आणि घरी गेल्यावर ही वस्तू आता ठेवायची कुठं, या विवंचनेत पडायचे.

तसा हात बरा होता. खोड एकच. दांड्याचे सारखे तुकडे करायचे तर हे आधी सगळ्या खुणा करून मोकळे होणार आणि मग कापत सुटणार. आता करवत चालली की भुसा पडणारच, आणि तो भुसा काही आभाळातून पडत नाही. दर कापाला तेवढं लाकूड जातंच. बायको सुताराची लेक. ती दारात उभी राहून म्हणायची, "अहो, आमचे दादा करवतीचा घास आधी बाजूला ठेवायचे. तुम्ही ठेवत नाही, म्हणून ती शेवटच्याच्या वाट्यातला खाते."

"पुढच्या खेपेला ठेवतो," मोजणीदार म्हणायचे, आणि पुढच्या खेपेला हटकून विसरायचे. शेवटचा तुकडा नखभर आखूड निघायचा. आखूड तुकडा लावणं त्यांच्या शिस्तीत बसत नसे. तो जायचा बाकाखालच्या डब्यात.

समोरच्या दारातल्या शिंप्याला त्यांनी कपडे अडकवायला खुंट्यांची पाटी दिली, तेव्हाही हेच झालं. घरात माणसं पाच: शिंपी, त्याची बायको, दोन मुली आणि शिंप्याचा धाकटा भाऊ. पाटीला भोकं पाच, खुंट्या चार.

"पाचवी आणून लावतो," मोजणीदार ओशाळून म्हणाले.

"राहू द्या हो काका," धाकटा भाऊ म्हणाला. "माझा शर्ट खुर्चीवर सुखात असतो." आणि नेहमीसारखा शीळ वाजवत जिना उतरून गेला.

लेकीच्या घरी दिलेली पाटीही त्याच आठवड्यातली. तिथं माणसं चार, खुंट्या तीन. लेकीची धाकटी, जिला सगळे भिंगरी म्हणत, ती दोन्ही हात पसरून गरगर फिरायची आणि चक्कर आली की धपकन खाली बसायची. त्या दिवशीही तशीच बसली आणि तिथूनच पाटीकडे बघत तिनं विचारलं, "आजोबा, माझी कुठंय?"

"तुझी करवतीनं खाल्ली!"

पोरगी खदखदून हसली. पुढचा एक दात पडलेला होता. मग एकदम गंभीर होऊन तिनं विचारलं, "करवतीचं पोट भरलं का?"

मोजणीदारांनी तिला उचलून घेतलं. नात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. भिंगरीनं आपली पिवळी टोपी दाराच्या कडीला अडकवली आणि ती तिथंच राहिली.

पुढं बरेच दिवस मोजणीदारांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. एका सकाळी चहा पिताना लक्षात आलं की जिन्यात शीळ ऐकू येत नाही. भाऊ गावाला गेला असेल, म्हणून ते सहज समोर डोकावले.

"धाकटा कुठं गेलाय?"

शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "कोण धाकटा?"

"तुझा भाऊ."

"काका, मी आईला एकुलता एक." शिंपी हसला, पण जरा जपून. "बसा, पाणी देऊ का?"

भांडण झालं असेल, असं मोजणीदारांनी स्वतःला समजावलं. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीकडे गेली. चार खुंट्यांवर चौघांचे कपडे होते. पाचव्या भोकात पुट्टी भरून वरून रंग लावला होता.

"तुमच्याकडून एक भोक जास्तीचं पडलं होतं," शिंपी म्हणाला. "बुजवून टाकलं."

घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं. "शिंप्याला कुठला आलाय भाऊ?" ती म्हणाली आणि काळजीनं त्यांच्याकडे बघत राहिली. आपल्यालाच भ्रम झालाय, असं मानून ते गप्प बसले असते. पण बाकाखालचा डबा उपडा केला, तर आखूड खुंट्या दोन निघाल्या.

एक शिंप्याची. दुसरी हातात घेतली आणि त्यांना लेकीची पाटी आठवली.

त्यांनी लेकीला फोन लावला. "भिंगरी काय करतेय?"

"कोण?"

"अगं भिंगरी! तुझी धाकटी!"

"बाबा, चहा झाला ना? आमच्याकडे एकच नग आहे, तोच पुरून उरतो. आईला फोन द्या बरं."

त्यांनी फोन खाली ठेवला. रडायला वेळ नव्हता. खुंटी करायची, चौथ्या भोकात बसवायची. त्यानं काय होईल हे त्यांना माहीत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. त्यांनी नवा दांडा काढला, माप घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा करवतीचा घास आधी बाजूला ठेवला. दोन रेघा मारल्या. दोन्हींच्या मधली जागा तिची.

करवत लावली.

पहिल्या ओढीला भुसा पडला. पोरीचा दात पडला होता, तो डावीकडचा की उजवीकडचा?

ते थांबले. पुन्हा ओढली. तिचा आवाज त्यांना अजून ऐकू येत होता. काय म्हणाली होती ती? कशाचं तरी पोट भरलं का, असं काहीतरी.

थांबावं तर खुंटी होत नव्हती. ओढावी तर भुसा पडत होता.

त्यांनी घाईघाईनं कानावरची पेन्सिल घेतली आणि दांड्यावर तिचं नाव लिहायला लागले. 'भिं' लिहिलं. पेन्सिल तशीच टेकून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते भुसा उडाल्यामुळं असावं, असं त्यांना वाटलं.

"झालं का?" बायकोनं दारातून विचारलं. "आणि हे 'भिं' काय? भिंतीची आहे, हे विसरायला होतंय का आता?"

"तसंच असेल," मोजणीदार म्हणाले, आणि काप पुरा केला.

खुंटी मापात उतरली. इतकी सुबक की ती लेकीकडे न्यावीशी वाटली. बसमध्ये ते तिच्यावरून अंगठा फिरवत बसले. मन उदास होतं, कारण सापडत नव्हतं.

"बरं झालं आलात," लेक म्हणाली. "त्या जास्तीच्या भोकात मुंग्या जातात."

त्यांनी खुंटी ठोकली. घट्ट बसली.

"पण बाबा, तिघांना चौथी कशाला? येता-जाता कोपर लागेल. सपाटच करून टाका ना."

म्हणणं बरोबर होतं. लेकीच्या घरी छोटी करवत त्यांनीच आणून ठेवलेली होती. खुंटी पाटीलगत कापली, घासकागद मारला, हात फिरवून पाहिला. भोक कुठं होतं ते कळतही नव्हतं.

"भुसा पुसायला काही दे."

लेकीनं इकडेतिकडे पाहिलं आणि दाराच्या कडीला अडकवलेली पिवळी टोपी काढून दिली. "ही घ्या. कुणाची राहिलीय कोण जाणे."

टोपी त्यांच्या मुठीएवढीच होती. मोजणीदारांनी पाटी पुसली, खालची फरशी पुसली आणि टोपी खिडकीबाहेर झटकली.

भुसा जरा वेळ गरगर फिरला आणि मग खाली बसला.