गरम चाक आणि सीलबंद पाकीट

"आऽऽई गं!" शुभ्रा ओरडली आणि बोटं फुंकत उड्या मारू लागली. "ताई, धिस व्हील इज सो हॉट!"

नऊ वर्षांची शुभ्रा गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाची टोपी पुसायला गेली होती. तिच्या मोठ्या बहिणीने, पर्णिकाने, डाव्या चाकाला हात लावला. ते थंडगार!

"सेम कार, सेम रोड," शेजारच्या फ्लॅटमधला रुपेश म्हणाला, "मग एकच चाक कसं तापलं?"

१९९६ची हिवाळ्याची सुट्टी होती. भानुदासआजोबांची १९५९ची मोरपंखी गाडी सहा महिने शारजात, सुजीतकाकांच्या गॅरेजमध्ये दुरुस्तीसाठी मुक्कामाला होती. आज, गुरुवारी सकाळी, ती पहिली चक्कर मारून परतली होती. उद्या जुन्या गाड्यांची रॅली, मसाफीचा घाट उतरून थेट फुजैरापर्यंत! आजोबांच्या शेजारी कमलिनीआजी बसणार होत्या आणि मागे ही तिघं.

"नवीन ब्रेक आहेत, घासून नीट बसतील दोन दिवसांत," सुजीतकाका म्हणाले. "यल्ला, चला, बाजूला व्हा!"

"पण पार्ट कुठले घातलेत?" पर्णिकाने विचारलं.

हा काकांचा लाडका विषय. ते लगेच बोटं मोजायला लागले. "काही दुसऱ्या गाडीतून काढलेले, जसं हे दार. काही जुन्या मापावर आत्ता बनवलेले, जसं काचेभोवतीचं रबर. आणि सगळ्यात भारी म्हणजे जुना साठा! त्या काळात कंपनीनेच बनवलेला, पण कधी वापरलाच नाही असा. ब्रेकचे दोन्ही रबरी पाइप त्यातलेच!"

"मुंबईहून मागवले," आजोबांनी छाती फुगवली. "मेव्हणीने बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवून आणले. तीन पाकिटं, तिन्ही सीलबंद! एक अजून तसंच जपून ठेवलंय. ओरिजिनल पार्टला परीक्षक जास्त मार्क देतात."

आजोबांच्या घरात रिमोटचं प्लास्टिक कधी निघालं नव्हतं आणि मिक्सरचं खोकं माळ्यावर जपून ठेवलेलं होतं. पॅकिंग फुटलं नाही म्हणजे वस्तू उत्तम, यावर त्यांचा ठाम विश्वास! अशा विश्वासाची घरं तिथे इमारतीत चार-चार सापडायची.

मुलं काही बाजूला झाली नाहीत. चाकांच्या पॉलिशसाठी गाडीचा पुढचा भाग जॅकवर चढताच शुभ्राने आत शिरून ब्रेक दाबला आणि सोडला. डावं चाक हाताने गरगर फिरलं. उजवं मात्र हलेचना!

"म्हणजे ब्रेकचं तेल आत जातंय, पण परत येत नाहीये," रुपेश म्हणाला.

"आणि वाटेत काय आहे? तो रबरी पाइप!" पर्णिकाचे डोळे चमकले. "आजोबा, ते तिसरं पाकीट उघडू या?"

"अजिबात नाही! सील फोडायचं नाही!"

पर्णिकाने साळसूद चेहरा केला. "बरं. पण परीक्षकांनी विचारलं, आतल्या पाइपवर कंपनीचा नंबर खरंच आहे का, तर काय सांगाल?"

आजोबा विचारात पडले. मग त्यांनी स्वतःच ब्लेड मागितलं! पाइप बाहेर येताच पर्णिकाने तो पुसून तोंडाला लावला आणि जोरात फुंकला. गाल फुगले, पण दुसऱ्या टोकातून हवा येईना.

"दे इकडे!" म्हणत आजोबांनी फुंकला. त्यांचाही चेहरा लालबुंद झाला. रुपेशने पाइप जरासा वाकवला, तर रबराला भेगाच भेगा!

शुभ्राने पाकिटावरचा शिक्का वाचला. "नाइन्टीन सिक्स्टी-वन! आजोबा, थर्टी-फाइव्ह इयर्स!"

"लोखंडी पार्ट टिकले असते इतकी वर्षं," सुजीतकाका पुटपुटले. "रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. हे मला कळायला हवं होतं." त्यांनी घाईघाईने गाडीचे पाइप काढले. उजवा आतून फुगून बंद झाला होता आणि डावा एका जागी जवळजवळ चिरलाच होता. "घाटात हा फुटला असता तर ब्रेकच लागला नसता!"

आजोबा खुर्चीत बसले. "कमलिनीला आणि या पोरांना मी यात बसवणार होतो."

थोड्या वेळाने ते उठले. "सुजीत, दुबईला देऱ्यात रफिकच्या दुकानातून आत्ता बनवलेले पाइप आण."

"पण भानुदासकाका, मार्क जातील."

"जाऊ देत! खलास!"

शुक्रवारी घाटाच्या ऐन उतारावर, वळणापलीकडे, बकऱ्यांचा कळपच रस्ता ओलांडत होता! आजोबांनी कचकन ब्रेक दाबला. गाडी न डगमगता, अगदी सरळ थांबली. शेवटची बकरी सावकाश निघून गेली, तेव्हा आजींनी डोळे उघडले.

फुजैराला परीक्षक सदानंदरावांनी गाडीखाली वाकून पाहिलं. "हे पाइप ओरिजिनल नाहीत, भानुदासराव. दोन मार्क कमी. पहिला नंबर हुकला तुमचा."

"खुशाल कापा!" आजोबांनी तिन्ही मुलांना पुढे ओढलं आणि कालची सगळी हकिगत सांगितली, स्वतःच्या चुकीसकट. "गाडीचा पार्ट मुंबईत मिळतो, नाहीतर देऱ्यात मिळतो. ही माणसं मला कुठल्या दुकानात मिळाली असती हो?"

सदानंदरावांनी पेन खिशाला लावलं आणि तिघांशी एकेक करून हात मिळवला. "शाबास! आम्ही मोठी माणसं पाकीटच बघत बसलो, तुम्ही पाइप बघितलात."

कमलिनीआजींनी गाडीचं दार उघडलं आणि पुन्हा आपल्या जागेवर ऐसपैस बसल्या. "चला, परत जाताना घाट डोळे उघडे ठेवून बघणार आहे मी," त्या म्हणाल्या.