जपानी गाण्यातली हाक

यावर विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण यातला एकही शब्द मी रचलेला नाही, आणि जिथे माझी चूक आहे तिथे ती झाकणारही नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. आमचं घर बौद्ध. माझ्या वडिलांनी दाराला कधी लिंबू-मिरची टांगू दिली नाही, की कुणाला अंगारा लावू दिला नाही. भुताचा विषय निघाला तर बाबा जेवणाच्या ताटावरून उठायचे. म्हणून हे आम्ही तिघांनी इतकी वर्षं गिळलं. त्यातले दोघं आता नाहीत.

साल १९८६. महिना मे. गाव लातूर.

रात्र वगैरे काही नाही. भर दुपार. साडेबारा.

लातूर जिल्हा होऊन चारच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला नवे कारकून लागले, तशी बाबांची, म्हणजे नरसिंग बाबांची, मुखेडहून इकडे बदली झाली. सौदामिनीबाई नावाच्या घरमालकिणीकडे खालच्या दोन खोल्या मिळाल्या. आडनाव विचारूनही त्यांनी खोल्या दिल्या, एवढं मान्य करायला हवं.

जिल्हा नवा होता, पण नळ कोरडे होते. सलग दुसरा दुष्काळ. बाराच्या सुमाराला टँकर यायचा आणि आमच्या दारासमोरच्या आडात पाणी ओतून जायचा. मग सगळी गल्ली पोहरे घेऊन आडावर तुटून पडायची. अर्ध्या तासात आड पुन्हा रिकामा.

घरात आई, धुरपताबाई. मी सतरा वर्षांची. धाकटी चांगुणा नऊ वर्षांची. ती मला ताई म्हणायची म्हणून सगळं घरच मला ताई म्हणायचं. आईसुद्धा.

आता गाण्यांचं सांगते.

सौदामिनीबाईंचा मुलगा रेणुकादास पुण्यात मोटारीच्या कारखान्यात होता. कंपनीनं त्याला सहा महिने जपानला पाठवलं होतं. तिकडून येताना त्यानं नवा टेप आणला आणि जुना आम्हाला दिला. सोबत एक कॅसेट. सगळी जपानी गाणी.

मी विचारलं, यात काय म्हणतात? तो म्हणाला, सगळ्या गाण्यांत एकच. एकाला हवं असतं, दुसऱ्याला नको असतं. कुणीतरी स्टेशनवर वाट बघतं आणि कुणी येत नाही.

झालं. मला एवढं पुरेसं होतं.

त्या वयात मुलगी एका कॅसेटवर काय काय बांधते ते सांगायला नको. मी त्याच्याशी कधी काही बोलले नाही. बोलून उपयोगही नव्हता, आणि का नव्हता ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी रोज दुपारी ती गाणी ऐकायचे. एक अक्षर कळायचं नाही, तरी रडू यायचं.

तिसऱ्या गाण्यात एका जागी सगळी वाद्यं थांबायची. गाणारी बाई एकटीच हळू म्हणायची... आई... ताई...

चांगुणाला त्याची फार गंमत वाटायची. ती त्या जागेवर टेपसोबत गायची आणि विचारायची, "बाबांचं नाव का न्हाई घेत ही?"

मे महिन्याच्या एकोणीस तारखेला सकाळी सौदामिनीबाई लग्नपत्रिका घेऊन खाली आल्या. रेणुकादासचं ठरलं होतं. मुलगी पुण्याची.

त्या दिवशी पाणी भरायची पाळी माझी होती.

मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले आणि टेप लावला. आई दळणाला गेली होती, बाबा कचेरीत. चांगुणा म्हणाली, मी आणते. तिनं घागर उचलली आणि गेली.

टँकर आला. गलका झाला. गलका संपला.

मग तिची हाक आली.

"ताई... घागर उचलंना गं... ताई..."

मी ऐकली. स्पष्ट ऐकली. आड दारापासून वीस पावलांवर होता.

मी टेपचा आवाज वाढवला.

पुन्हा हाक आली नाही. मला बरं वाटलं.

आडाचा कठडा ओला होता. पाय घसरला, एवढंच सगळे म्हणाले. आडात कमरेइतकंही पाणी नव्हतं, आणि म्हणूनच ती वाचली नाही. मी सगळ्यांना सांगितलं की मला झोप लागली होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे मुखेडला, बिलोलीला परतले. पंधरा दिवस घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

सोळाव्या दिवशी दुपारी आईनं टेप लावला.

मी आतल्या खोलीत होते. बंद कर म्हणायचा धीर झाला नाही. पहिलं गाणं संपलं. दुसरं संपलं. तिसऱ्यात वाद्यं थांबली...

आई... ताई...

आणि आई म्हणाली, "ओ."

अगदी सहज. लेकरानं हाक मारल्यावर देतात तशी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. घड्याळात साडेबारा वाजले की आई टेप लावायची, उंबऱ्याशी बसायची, आणि त्या जागेवर ओ द्यायची. मला वाटलं, दुःखानं आईचं डोकं फिरलं.

पाचव्या दिवशी ओ दिल्यावर दारात आवाज झाला...

ठण्ण.

घागर खाली ठेवल्याचा.

दारात कुणी नव्हतं. घागर तर नव्हतीच. ती बाबांनी कुणाला तरी देऊन टाकली होती. पण शहाबादी फरशीवर एक ओलं वर्तुळ होतं, घागरीच्या बुडाएवढं. बघता बघता सुकून गेलं. घरात त्या दिवशी प्यायला तांब्याभर पाणी होतं आणि ते झाकलेलं होतं.

आईनं ते पाहिलं.

त्यानंतर एकदा गाण्यातली ती जागा आली आणि ओ द्यायला माझंच तोंड उघडलं. का उघडलं मला माहीत नाही. आईनं झडप घालून माझ्या तोंडावर हात दाबला. इतका जोरात की ओठ दाताखाली आला.

"तू ओ द्यायची न्हाई," ती म्हणाली. "कदीच न्हाई. मी हाय न्हवं."

ही गोष्ट बाबांच्या कानावर गेली तेव्हा ते फार चिडले. शिकलेल्या घरात हे चालायचं नाही म्हणाले. त्यांनी कॅसेटमधली सगळी फीत ओढून काढली आणि चुलीत घातली. टेप माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा घरीच, दाराशी पेपर वाचत बसले होते. ऊन नुसतं पेटलेलं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. समोरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं.

साडेबारा झाले...

कावळे एकाएकी गप्प झाले...

"ताई..."

हाकेत आई नाही. नुसतं ताई.

चुलीपाशी बसलेली आई तिथूनच म्हणाली, "ओ गं बाय. आले."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा पेपर हातात तसाच. मग म्हणाले, "वारं सुटलंय."

आणि खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी समोरची फरशी पुसली. मी टॉवेल बघितला. ओला होता.

त्या दिवसापासून घरात हा विषय बंद झाला. आईचं ओ देणं मात्र बंद झालं नाही. आम्ही त्या खोल्या सोडल्या, दुसरीकडे राहिलो. मला चाकूरला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. ती दुपारच्या लग्नाला कधी गेली नाही. साडेबाराला ती घरातच असायची. आणि मी शाळेत. सुट्टीच्या दिवशी त्या वेळेला मी बाहेरचं काहीतरी काम काढायचे. त्यामुळे मला पुन्हा काही ऐकू आलं नाही, आणि मी मनाला पटवलं की तेव्हाही ऐकू आलं नव्हतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे सहज जमतं.

तीन वर्षांपूर्वी लातूरला एका कार्यक्रमात रेणुकादास भेटला. डोक्यावर केस नाहीत, बाकी तसाच. जुन्या गोष्टी निघाल्या, तेव्हा मी हसत हसत विचारलं, त्या गाण्यात आई-ताई का म्हणायचे रे?

तो खो खो हसला.

"अगं, ते आई-ताई नाही. आइताई. एकच शब्द आहे. म्हणजे, भेटायचंय. प्रेमभंगाच्या दर दुसऱ्या गाण्यात असतो."

मी पण हसले. बसमध्ये बसल्यावर मात्र रडले. एका परक्या शब्दापायी माझ्या आईचं अख्खं आयुष्य उंबऱ्यावर गेलं होतं.

घरी आल्याबरोबर तिच्यापुढे बसले आणि सांगितलं. म्हटलं, आई, ती आपल्याला हाक मारत नव्हती. ती बाई तिच्या भाषेत नुसतं भेटायचंय म्हणत होती.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग आपली चांगुणा काय येगळं म्हणत होती?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. छत्तीस वर्षं पोटात ठेवलेलं सगळं तिच्यापुढे ओकले. हाक ऐकली होती. झोपले नव्हते. आवाज वाढवला होता.

आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"मला ठावं हाय. मी दळण घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले होते. तिची हाक म्याबी ऐकली. अन् टेप मोठा झालेला बी ऐकला. मी आडापाशी पोचायच्या आत झालं ते."

"तू कधी बोलली नाहीस."

"एक गेली होती. दुसरीचं काय करू?" मग म्हणाली, "हाक तुझ्या नावाची हाय. ओ मिळाल्याबगर ती जात न्हाई. अन् तू ओ दिली तर एकटी जायची न्हाई. म्हणून जंवर मी हाय तंवर मी देते."

आई या माघात गेली.

शाळा सुरू होती तोवर ठीक होतं. आता उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे. पहिले आठ दिवस दुपारी घरात माणसं होती, काही झालं नाही.

परवा दुपारी मी एकटीच घरात होते. पंखा अचानक बंद पडला. वीज गेली असेल. बाहेर कावळे ओरडत होते, ते थांबले...

दारात ठण्ण झालं...

"ताई..."

तोच आवाज. नऊ वर्षांचा. इतक्या वर्षांत एक दिवसही मोठा न झालेला.

मी तोंडावर स्वतःचाच हात दाबला. डोळे मिटले. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला...

"ओ गं बाय. आले."

मी धावत आत गेले. कुणी नव्हतं.

कालही तसंच झालं. आजही. पण आजची ओ फार थकलेली होती. शेवटच्या महिन्यात अंथरुणावरून पाणी मागताना आईचा आवाज जसा यायचा, तशी.

मला चांगुणाची भीती वाटत नाही. वाईट वाटतं ते आईचं. मरूनही तिला उंबरा सोडता येत नाहीये, आणि तो माझ्यामुळे. मी एकदा ओ दिली तर ती सुटेल. पुढे माझं काय होईल ते आईनं सांगून ठेवलंय.

घरच्यांना यातलं काही सांगितलेलं नाही.

उद्याही सुट्टी आहे. साडेबाराला मी घरीच असेन.