‘आम्ही’ म्हणजे कोण?

आत्याची चप्पल नदीत पडली नसती, तर त्याने आमच्याकडे वळूनही बघितलं नसतं.

बाबा, आई, आत्या आणि मी असे चौघं त्या शहरात पोचून जेमतेम एक सकाळ झाली होती. बाबा दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत होते. आईने माझ्या पर्सचा पट्टा धरून ठेवला होता, जणू मी सत्तावीस वर्षांची नव्हे, सात वर्षांची होते. फेरीबोटीच्या रांगेत आमचा नंबर आला, आत्याने फळीवर पाय ठेवला, आणि तिची डाव्या पायातली चप्पल बोट आणि धक्का यांच्या फटीतून खाली गेली.

बोटवाला म्हणाला, गेली ती, चला. आत्या म्हणाली, अनवाणी शहर बघायला ती काही आलेली नाही. रांग खोळंबली, मागचे लोक कुरकुरायला लागले, आणि त्या मागच्यांतलाच एक उंच माणूस पुढे येऊन सरळ ओल्या फळ्यांवर पालथा पडला. छत्रीच्या मुठीने बराच वेळ खटपट करून त्याने चप्पल वर काढली. उठला तेव्हा त्याचा शर्ट पुढून चिंब होता, चष्मा एका कानावर घसरला होता. त्याच अवस्थेत त्याने ती ठिबकणारी चप्पल माझ्यासमोर धरली.

“तुमची?”

“माझ्या दोन्ही पायांत आहेत,” मी म्हटलं.

त्याने खाली माझ्या पावलांकडे बघितलं... आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

बोट पलीकडच्या काठाला लागेपर्यंत आत्याने त्याचा सगळा इतिहास काढून घेतला. तो उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. सहा वर्षं या शहरात होता आणि आता बदली मागून घेतली होती, आमच्या गावापासून तासाभरावरच्या एका लहानशा शहरात. सामान बांधून झालं होतं, सुट्टीचे चार दिवस हातात होते. सहा वर्षांत शहर धड बघितलंच नाही, लिफ्टच्या टपावर बसून अंधाऱ्या बोगद्यातूनच वरखाली केलं, म्हणून जाण्यापूर्वी सगळं बघून घ्यायला निघालो, असं तो म्हणाला. एकट्याने काय बघणार, चल आमच्याबरोबर, असं आत्याने त्याला सांगून टाकलं. कोणालाही पहिल्या भेटीत ‘अरे तुरे’ करायचा तिचा हक्कच आहे. तिने त्याचं नावही ठेवलं – लिफ्टवाला.

मला तो आवडला. हे उगाच लपवून काय करू? आईला जिना चढवताना तो तिचा हात न धरता, पण धरता येईल इतक्याच अंतरावर चालायचा. बाबांनी पाटी चुकीची वाचली तर दुरुस्त न करता दुसऱ्यांदा वाचायला लावायचा. आणि मधेच, सगळ्यांच्या मागे राहून, माझ्याशी काहीतरी बोलायचा... हळू आवाजात, रस्त्याकडे बघत.

पण एक गोष्ट मला पहिल्याच संध्याकाळी खटकली. पुलावर आलो तेव्हा तो म्हणाला, “आम्ही इथे बसायचो, या तिसऱ्या दिव्याखाली.” जुन्या पुस्तकांच्या गल्लीत म्हणाला, “आम्ही रविवारी इथे यायचो.” कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानापाशी म्हणाला, “आम्हाला इथली कॉफी...” आणि वाक्य तिथेच सोडून चष्मा पुसायला लागला.

तोवर मी समजत होते, मित्र असतील. पण मित्रांच्या आठवणीने कोणी इतका वेळ चष्मा पुसत नाही. ‘आम्ही’ हा शब्दच मोठा उद्धट आहे. ज्याच्याशी बोलायचं, त्यालाच दाराबाहेर उभं करतो. तो ‘आपण’सुद्धा म्हणायचा – आपण उद्या टॉवर बघू, आपण आता बस पकडू – पण त्या ‘आपण’मध्ये आई, बाबा आणि आत्याची चप्पलही होती.

दुसऱ्या दिवशी टॉवरच्या गच्चीवर इतका वारा होता की त्याचा चष्मा नाकावर ठरेना. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, फ्रेम बसवून देते. सैल चष्मा दिसला की माझे हात शिवशिवतात. मी पर्समधून लहानसा स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि म्हटलं, द्या इकडे.

“आता मला तुम्ही दिसत नाही,” तो म्हणाला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे अगदी उघडे पडल्यासारखे वाटत होते.

“बरं आहे. मला निवांत बघता येईल.”

तो हसला. मी स्क्रू फिरवता फिरवता सहज म्हटलं, फ्रेम चुकली आहे, तुमच्या चेहऱ्याला रुंद हवी होती.

“आम्ही दोघांनी घेतली... म्हणजे, तिने निवडली.”

ती! तर ‘आम्ही’मधून अखेर एक ‘ती’ बाहेर आली. मी स्क्रू जरा जास्तच आवळला. मग चष्मा त्याच्या कानांवर चढवला, केस बाजूला केले, आणि माझी बोटं त्याच्या कानामागे क्षणभर थांबली. तो हलला नाही. मीही नाही. खाली एवढं मोठं शहर पसरलं होतं आणि मी मात्र विचार करत होते, तिने हा चष्मा पहिल्यांदा त्याला घातला तेव्हा तीही अशीच थांबली असेल का?

त्यानंतर माझं शहर बघणं संपलं. बसच्या खिडकीशी बसून मी तिलाच बघत होते. पुलावर ती निळी साडी नेसून बसली होती. पुस्तकांच्या गल्लीत तिचे केस मोकळे होते. प्रत्येक चौकात ती आधीपेक्षा सुंदर होत गेली, आणि मी माझ्या प्रवासाने चुरगळलेल्या कुर्त्याकडे बघून चिडत गेले. दोन दिवसांची ओळख, आणि मत्सर मात्र दहा वर्षांच्या संसाराचा. माझं मलाच हसू यायचं, पण जळायचं काही थांबत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाबांना झाडांचं काचघर बघायचं होतं. तो म्हणाला, नदीकाठची बाग जास्त चांगली आहे. तो बाबांना पहिल्यांदाच नाही म्हणत होता. मला तेवढ्यावरूनच कळलं.

“नाही, काचघरच बघू,” मी म्हटलं. जीभ आवरता आली असती... पण मला तिला बघायचं होतं.

ती तिथे काम करत होती. निळी साडी नाही, मोकळे केस नाहीत. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पाण्याचा पाइप, कोपरापर्यंत माती. त्याला बघून तिच्या हातातला पाइप खाली गेला आणि तिच्याच बुटात पाणी शिरलं. मग ती आमच्याकडे वळून हसली. आत्याला तिने बसायला स्टूल आणून दिलं. हात लावला की पानं मिटून घेणारं झाड बाबांना दाखवलं. आईला वाफेने गुदमरायला झालं तेव्हा न सांगता खिडकी उघडली. चांगल्या माणसाचा मत्सर करणं फार अवघड काम आहे, त्याला कुठे धरावं तेच कळत नाही.

आम्ही बाहेर पडलो, तो मागे राहिला. काचेवर आतून वाफ धरली होती. त्या धुक्यातून मला दिसलं, तिने आपला ओला हात त्याच्या बाहीवर ठेवला होता. त्याने तो काढला नाही.

बसमध्ये त्याच्या शर्टाच्या बाहीवर पाच बोटांचा ओला ठसा हळूहळू वाळत होता, आणि मी तो वाळेपर्यंत बघत बसले. उतरताना आत्याने त्याला बजावलं की उद्या शेवटचा दिवस, सकाळी वाचनालयाच्या स्टॉपवर उभा राहा, शहराला गोल फेरी मारणाऱ्या बसने जाऊ.

“बघतो,” तो म्हणाला.

येतो नाही. बघतो.

सकाळी आम्ही त्या उघड्या टपाच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर बसलो. वाचनालयाचा स्टॉप आला. तिथे एक म्हातारं जोडपं होतं, एक कुत्रं होतं, तो नव्हता. बस निघाली. दुपारी आमची गाडी होती.

मी उठले. आई म्हणाली, कुठे? डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते रागाचं आहे असं मी स्वतःला सांगत होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. चार दिवसांत पाट्यांवरच्या मजकुराशिवाय ते फारसं काही बोलले नव्हते. त्यांनी हात वर करून घंटेची दोरी ओढली.

“बस गोल फिरून काचघरावरून येते,” ते म्हणाले. “तिथे थांब. आणि ती मुलगी चांगली आहे, तिच्यावर ओरडू नकोस.”

म्हणजे बाबांनाही सगळं कळलं होतं!

मी उतरून काचघरात पोचले तेव्हा ती एकटीच वाळकी पानं कापत होती. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, “तो इथे नाही. येऊन गेला.”

मी उभीच राहिले. ती कात्री चालवत राहिली, आणि बोलत राहिली. दोन वर्षांपूर्वी त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. तिने नाही म्हटलं नव्हतं, होही म्हटलं नव्हतं. तिला वाटलं होतं, तो कुठे जातोय? बटण दाबलं की लिफ्ट येते, तसा येईल. मग तो येईनासा झाला, आणि तिला तेही चालून गेलं. काल मात्र...

“काल तो तुझ्या आत्याबरोबर हसत आत आला,” ती म्हणाली. “माझ्याबरोबर शेवटी शेवटी तो असा हसायचाच नाही. मग मी तुझ्याकडे बघितलं. तिथल्या तिथे जळले मी. म्हणून त्याला म्हटलं, जाऊ नकोस, थांब.”

तिच्यावर मी जळायचं, हे मी धरून चालले होते. ती माझ्यावर जळेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. चुरगळलेल्या कुर्त्यावर!

“मग काय म्हणाला तो?”

“त्यालाच विचार. मी का म्हणून सांगू तुला?” ती पहिल्यांदाच तुटक बोलली. मग कात्री खाली ठेवून म्हणाली, “एक सांगते. तो वाट बघतो आणि तक्रार करत नाही. आपल्याला वाटतं, त्याला चालतंय. त्याला चालत नसतं.”

मी काचघराच्या स्टॉपवर येऊन उभी राहिले. बारीक भुरभुर सुरू झाली होती. बस वळणावरून आली तेव्हा वरच्या मजल्यावर आधी आत्याची छत्री दिसली, आणि छत्रीखाली, तिच्या शेजारी, निथळणारा तो. मागून कळलं, वाचनालयापाशी पोचायला त्याला थोडा उशीर झाला होता. बस सुटलेली बघून तो आडवाटेने पुढच्या चौकाकडे धावत सुटला होता, आणि मी उतरून गेल्यावर तो दिसताच आत्याने वरून इतका गलका केला की ड्रायव्हरला बस थांबवावीच लागली.

मी वर चढले. बाबा आईला घेऊन पुढच्या बाकावर गेले. आत्याला मात्र दोनदा हाक मारावी लागली.

“कुठे गेला होतात तुम्ही?... म्हणजे तुम्ही कुठे गेला होतात, ते मला माहीत आहे,” मी म्हटलं.

“तुम्ही कुठे गेला होतात?”

“तिच्याकडे. भांडायला.”

“मग?”

“ती भांडण्यासारखी नाही.”

तो हसला नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, “मी तिला नाही म्हणालो. काल सुचलं नाही, म्हणून आज समोर जाऊन म्हणालो. तुमच्यासमोर येण्याआधी तेवढं सांगून टाकायचं होतं.”

पाऊस चष्म्यावर पडत होता, त्याने पुसला नाही. माझा मात्र चार दिवसांचा बांध फुटला. “या शहरातलं काहीच मला धड बघता आलं नाही. पूल बघावा तर पुलावर ती. टॉवरवर तुझ्या नाकावर ती. तुझं शहर बघायला आले आणि नुसतं तिलाच बघून चालले आहे मी.”

“‘तू’ म्हणालीस मला.”

“चुकून.”

“आणखी एकदा चूक.”

पुढच्या बाकावर आत्याची मान ताठ झाली होती. मी आवाज खाली आणला. “तिला विसरलास?”

“नाही. विसरलो म्हटलं तर तुझ्याशी पहिलंच बोलणं खोटं होईल. पण मला तिच्याकडे परत जायचं नाही. मला... तू जिथे आहेस, तिथे यायचंय.”

पहिलं वाक्य काट्यासारखं रुतलं. आणि त्याच काट्यामुळे पुढचं सगळं मला खरं वाटलं.

“मला हेवा वाटणार,” मी म्हटलं. “यापुढेही. आधीच सांगून ठेवते.”

“मलाही वाटेल. तुझ्या गावात मी प्रत्येक कोपऱ्यावर थांबून विचारणार, इथे कोणाबरोबर यायचीस?”

“कोणाबरोबरच नाही.”

“ते मला खरं कसं वाटावं?” तो म्हणाला, आणि आत्ता कुठे त्याच्या ओल्या चेहऱ्यावर हसू आलं. बाकावर आमच्या दोघांमध्ये माझी पर्स होती. त्याने ती उचलून मांडीवर घेतली आणि मधली जागा राहिली नाही.

दुपारी तो आम्हाला सोडायला स्टेशनवर आला. सामान वर चढवायला म्हणून डब्यात शिरला आणि गाडी हलली तरी उतरेना. आई घाबरली. तो म्हणाला, पुढच्या स्टेशनवर उतरतो. आत्याने सरकून त्याला जागा दिली आणि तिकडे खोली बघून ठेवली आहे का, स्वयंपाक येतो का, अशी चौकशी सुरू केली.

खिडकीबाहेर शहर मागे मागे जात होतं. उन्हात न्हालेला पूल, टॉवर, नदीवरच्या बोटी... पहिल्यांदाच ते मला नुसतं शहर दिसलं, आणि फार देखणं दिसलं. तो खिडकीकडे पाठ करून बसला होता. मग झाडांच्या वर कुठेतरी काचेचं एक छप्पर लखकन चमकलं आणि नाहीसं झालं.

मी बाकावरच्या शालीखाली त्याचा हात शोधला आणि जरा जास्तच घट्ट धरला.