अर्धवट शिवलेला युकाता

ते साल होतं १९९४. त्याच वर्षी एप्रिलपासून जपानमध्ये हायस्कुलातल्या मुलग्यांनाही गृहशास्त्र सक्तीचं झालं. तोवर कसं होतं, की मुली शिवण-स्वयंपाक शिकायच्या आणि मुलगे त्या तासाला ज्यूदोच्या हॉलमध्ये एकमेकांना आपटायचे. आता सगळे एकाच खोलीत! त्यात उन्हाळाही असा कडक पडला, की मिनोसावा गावच्या नदीत गुडघाभर पाणीसुद्धा उरलं नव्हतं.

त्या ऑगस्टातल्या एका सकाळी तीन सायकली शाळेकडे निघाल्या होत्या.

"तेत्सु, आज तरी गळपट्टी लागेल का रे तुझी?" मागून चिनात्सु ओरडली. "की पुढच्या ओबोनपर्यंत थांबायचं?"

"लागेल! आज गळपट्टी, उद्या खालची दुमड, परवा संध्याकाळी नाच!" तेत्सुरो म्हणाला.

"माझं कुणी विचारूच नका," नाओयाने सुस्कारा सोडला. "काल घालून बघितला, तर दोन्ही बाह्या एकाच बाजूला लागल्यात!"

कुवाबारा बाईंनी पहिल्या वर्षाच्या वर्गाला एकेक युकाता, म्हणजे उन्हाळ्यातला सुती किमोनो, शिवायला दिला होता. ज्यांचे अर्धे राहिले, त्यांनी सुट्टीत शिवणाच्या खोलीत येऊन पुरे करायचे, असं सांगून बाई माहेरी गेल्या होत्या. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, नाचाला प्रत्येकाने आपला युकाता घालायचा, असं वर्गाचं ठरलं होतं. तेत्सुरो मात्र स्वतःसाठी शिवत नव्हता, आणि हे गुपित फक्त या दोघांना ठाऊक होतं.

तेत्सुरोच्या आजोबांचा कापड रंगवायचा कारखाना होता. दोन वर्षांपूर्वी तो बंद झाला. शेवटच्या दिवशी त्यांनी निळ्या रंगावर पांढरे चतुर उडताहेत असा एक तागा रंगवला आणि कपाटात ठेवून दिला. "घे. शिकतोच आहेस तर तुझ्यासाठी शीव," असं म्हणून यंदा त्यांनी तो नातवाच्या हातात दिला. पण जन्मभर दुसऱ्यांच्या अंगावरचं कापड रंगवणाऱ्या माणसाने आपण रंगवलेलं असं स्वतः कधी घातलंच नव्हतं! म्हणून तेत्सुरोने चोरून आजोबांच्या जुन्या युकाताची मापं घेतली. परवा नाचाच्या वेळी ढोल वाजवायला आजोबाच बसणार होते. त्याआधी तो त्यांच्या अंगावर चढवायचा होता.

शिवणाची खोली उघडून तिघं आत गेली आणि चटईवर थबकलीच. फळीवरचं खोकं गायब! सगळ्यांचे अर्धवट युकाते त्यातच होते.

"बाईंनी हलवलं असेल," नाओया म्हणाला.

"बाई कालपासून गावात नाहीत, शहाण्या!" चिनात्सु म्हणाली.

तेत्सुरोने रिकाम्या फळीवरून हात फिरवला. तसा दुसरा तागा कुठे मिळणार होता? कारखान्याच्या जागेवर आता मोटारी उभ्या राहत होत्या.

तिघं धावत ऑफिसात गेली. उपमुख्याध्यापक सुगाया सर पंख्यासमोर बसून टीव्हीवर शाळांची बेसबॉल स्पर्धा बघत होते.

"सर, शिवणाच्या खोलीत कुणी आलं होतं का?"

"कुणी नाही. सुट्टी आहे... अरे, पळ, पळ!" सर टीव्हीतल्या खेळाडूवर ओरडले. "काय म्हणत होतात? खोकं? तुम्हीच कुठेतरी टाकलं असेल. आजकालची पोरं! जा, नीट शोधा."

बाहेर येताना चिनात्सु एकदम थांबली. मुख्य दारापाशी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या हिरव्या स्लीपरांची एक रांग होती. शाळेतली माणसं बाहेरचे जोडे दारात काढून आत वापरायचे आपापले बूट घालतात, त्यामुळे सुट्टीत या स्लीपर कपाटातून बाहेरच निघत नाहीत.

"कुणी आलं नाही म्हणे!" ती कुजबुजली. "मग या कुणी घातल्या?"

"चोर!" नाओयाचे डोळे मोठे झाले.

"हो, आणि चोर शाळेत शिरताना पाहुण्यांच्या स्लीपर घालतात, जाताना ओळीत लावतात, आणि पुढच्याला पाय घालायला सोपं जावं म्हणून तोंडंसुद्धा फिरवून ठेवतात!"

"बायका," तेत्सुरो म्हणाला. "पुष्कळ बायका. आणि नीटनेटक्या."

"महिला मंडळ!" चिनात्सुने कपाळावर हात मारला. "अरे देवा! आई सांगत होती, वृद्धाश्रमासाठी जुने युकाते गोळा करताहेत. जुनं सूत मऊ असतं ना, त्याचे लंगोट शिवायचे. आज गावच्या सभागृहात उसवून कापायला बसणार आहेत!"

"पण आपले तर नवे आहेत!" नाओया म्हणाला.

"अर्धे शिवलेले आहेत," तेत्सुरो म्हणाला. "सरळ पट्ट्या, मध्येच शिवण, मध्येच लोंबणारा दोरा. अर्धा शिवलेला नि अर्धा उसवलेला युकाता सारखाच दिसतो! त्यात बाईंनी कापड आधी भिजवून मऊ करायला लावलं होतं."

सायकली सुटल्या!

सभागृहात आठ-दहा बायका गोल करून बसल्या होत्या. कात्र्या कचाकचा चालल्या होत्या. मध्ये कापडाचा ढीग, आणि मंडळाच्या प्रमुख नोमुरा काकूंच्या मांडीवर पांढरे चतुर!

"काकू, थांबा!" तेत्सुरो ओरडला. "ते माझं आहे!"

"हळू बोल रे. लग्नघर आहे का हे?" काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझं कसं? शाळेला फोन केला, तर तुमच्या सरांनीच सांगितलं, शिवणाच्या खोलीतलं खोकं न्या. उसवायला सुरुवातही केलेली होती मुलांनी. गुणाची हो!"

"उसवत नव्हतो, शिवत होतो!"

"तू? शिवत होतास?" काकू हसल्या आणि सगळं मंडळ हसलं. "मुलगे कधीपासून शिवायला लागले? जा बाळा, खेळ जा. आम्हाला जेवायच्या आत संपवायचंय." आणि त्यांनी पुन्हा कात्री उचलली.

चिनात्सुने नाओयाला कोपराने ढोसलं. दोघं आतल्या स्वयंपाकघरात पळाली आणि ट्रेमध्ये पेले घेऊन बाहेर आली.

"काकू, सातूचा गार चहा! किती उकडतंय! पण कात्र्या आधी बाजूला ठेवा हं, कापडावर सांडला तर डाग पडेल."

"बघा, मुलगी म्हणजे मुलगी!" काकू खूश झाल्या. सगळ्यांनी कात्र्या खाली ठेवून पेले उचलले. नाओयाने टोपली घेऊन गोल फेरी मारली, साऱ्या कात्र्या तीत गोळा केल्या, वर उशी ठेवली आणि तो तिच्यावर ऐसपैस मांडी घालून बसला.

"ए, कात्र्या कुठेत?"

"सुरक्षित आहेत, काकू. चहा सावकाश होऊ द्या."

"ऊठ तिथून!"

"पायाला मुंग्या आल्यात हो!"

तेवढ्यात तेत्सुरोने ढिगातला एक खरोखरचा जुना युकाता ओढला आणि त्याची शिवण थोडी उसवून काकूंसमोर धरली.

"हे बघा. शिवणीच्या आत जे कापड दडलेलं होतं ते अजून गडद आहे, आणि बाहेरचं उन्हाने विटलंय. आता माझ्या कापडावर अशी एक तरी गडद रेघ दाखवा. दाखवलीत तर मी स्वतः कापून देतो!"

काकूंनी चतुरांचं कापड जवळ घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं. सगळीकडे एकसारखा निळा. त्यांचं हसू मावळलं.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "हे तर अंगालाच लागलेलं नाही! पण पोरा... मी एक पट्टी कापली रे."

तेत्सुरोने हात पुढे केला. धडाच्या लांब पट्टीचा एक तुकडा खालच्या टोकापासून दोन हातांवर तोडलेला होता. त्याचे डोळे भरून आले.

त्याने तुकडा गुडघ्यावर पसरला. एकदा मोजला. मग दुसऱ्यांदा मोजला, आणि त्याचा चेहरा बदलला.

"चिनात्सु! आजोबा बुटके आहेत!"

"आता हे कुठून काढलंस?"

"अगं, तागा लांब, आजोबा बुटके. जास्तीचं कापड कमरेशी आत दुमडून टाका मारायचा, असं बाईंनी सांगितलंच होतं. काप बरोब्बर त्या दुमडीत येतोय! इथेच जोड घालतो. वरून कमरपट्टा बसला की कुणाच्या बापाला दिसणार नाही!"

नोमुरा काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पदर खोचावा तशा किमोनोच्या बाह्या वर बांधल्या. "बायांनो, लंगोट उद्या! आज या पोरांचे युकाते पुरे करायचे. आणि तू रे, ऊठ आता टोपलीवरून!"

"जोड मीच घालणार," तेत्सुरो म्हणाला.

"घाल की. पण टाके बारीक घे. मी बघत्ये."

नाओयाच्या बाह्या उसवून दोन बाजूंना लागल्या. "ही कुठल्या प्राण्यासाठी शिवली होतीस?" असं काकूंनी विचारलं, तर तो म्हणाला, "खेकड्यासाठी!"

संध्याकाळी काकू स्वतः शाळेत गेल्या. जुन्या युकातांचं खरं खोकं जिन्याखाली धूळ खात होतं. ते सुगाया सरांना स्वतः उचलून सभागृहापर्यंत आणावं लागलं, तेही अटीतटीचा सामना अर्धा सोडून! सर मुलांपुढे वाकले आणि म्हणाले, "फोनवर मी काय बोललो, ते मलाच आठवत नाही. चूक माझी."

ओबोनच्या संध्याकाळी कंदील लागले. आजोबा घरातला जुनाच युकाता घालून निघाले होते. तेत्सुरोने त्यांना दारात अडवलं आणि घडी पुढे केली.

"हे तुझ्यासाठी होतं ना?"

"तुमच्या मापाचा आहे."

आजोबा आत जाऊन कपडे बदलून आले. कमरेपाशी त्यांची बोटं थांबली. जन्मभर कापड हाताळलेली बोटं ती!

"इथे जोड आहे," ते म्हणाले.

तेत्सुरोने खाली मान घालून सगळं सांगितलं. आजोबांनी कमरपट्टा सोडला, जोड दिव्यापाशी नेला आणि टाक्यावर टाका बघितला.

"कापड कुणीही रंगवेल," ते म्हणाले. "कापलेलं कापड असं उभं करायला डोकं लागतं. शाबास!"

त्या रात्री ढोल असा वाजला, की नदीपलीकडच्या गावातली माणसंही नाचायला आली.

पुढे तेत्सुरो रेल्वेत सिग्नलचा इंजिनिअर झाला. आपल्या शर्टाची बटणं अजून तोच लावतो. चिनात्सु शाळेत विज्ञान शिकवते आणि कुणी "मुलगी म्हणजे मुलगी" म्हणालं, की अजून भांडते. नाओया मासेमारीच्या मोठ्या बोटीवर स्वयंपाकी झाला. साऱ्या खलाशांचे फाटके कपडे त्याच्याकडे येतात. कुवाबारा बाईंनी माहेराहून येऊन सगळं ऐकलं आणि तेत्सुरोला नव्वद मार्क दिले. दहा कापले, कारण गळपट्टी जरा वाकडी लागली होती. सुगाया सर निवृत्त होऊन बेसबॉलचे पंच झाले, आणि तिथे मात्र त्यांची नजर चेंडूवरून कधी हलली नाही. नोमुरा काकू पुढच्या वर्षी वर्गातल्या मुलग्यांना शिवण दाखवायला बाईंच्या मदतीला जाऊ लागल्या.

आणि आजोबा? त्यांनी पुढची नऊ वर्षं प्रत्येक ओबोनला तो चतुरांचा युकाता घातला. जोड कुणाला दिसू नये म्हणून तेत्सुरो दर वेळी कमरपट्टा घट्ट बांधून द्यायचा. आजोबा कोपऱ्यापर्यंत जायचे, पहिला ओळखीचा माणूस भेटला की पट्टा सैल करायचे आणि म्हणायचे, "हे बघा. हा जोड माझ्या नातवाने घातलाय!"