गेलेल्यांचं पुस्तक

दिवा राहू दे तसाच. माझे गुडघे धरलेत, आता उठबस नको. तुम्हा भाचरांना भुताचं ऐकायचंय ना? मग ऐका. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं नाही. पण ज्याच्या बाबतीत घडलं, त्याच्या अंगात खोटं रचण्याइतकं त्राणच उरलं नव्हतं.

मी तेव्हा नगरपालिकेत, जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात त्या खोलीत कारकून होतो. तिथं एक घड्याळजी यायचा. घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून घड्याळजी. दर शुक्रवारी दुकान लवकर बंद करून यायचा आणि डोळ्याला भिंग लावून जुनी पुस्तकं वाचत बसायचा. अकरा वर्षं! त्याचे वडील तीन दिवसांचे असताना अनाथाश्रमात आले होते. तिथल्या कागदावर एवढंच, की मुलगा, वय दिवस तीन, आईबाप अज्ञात. खाली मूल आणून देणाऱ्या सुईणीची सही. त्या वर्षाचं जन्माचं पुस्तक घड्याळजीला जवळजवळ पाठ झालं होतं. तसलं मूल त्यात नव्हतंच. पुढे नुसती भिंत.

"सोड आता," मी म्हणायचो. "चौऱ्याऐंशी वर्षं झाली. त्यांची आई काय आता भेटायला येणार आहे?"

"मीही थकलोय हो साहेब. पण बाबा हॉस्पिटलात पडून आहेत. रोज विचारतात, आईचं नाव कळलं का रे? नाही म्हणायला जीभ उचलत नाही."

तारीख एकोणीस जानेवारी. शुक्रवार. पावणेसहाला ऑफिस सुटलं. माझं डोकं ठणकत होतं. नियमात बसत नव्हतं, तरी किल्ली त्याच्या हातात ठेवली. म्हटलं, "आठपर्यंत बस. जाताना कुलूप लाव आणि किल्ली घरी आणून दे."

"मामा, एकट्याला ठेवलंत?"

मग काय! कागद चावतात थोडेच?

सात वाजून गेले असतील. घड्याळजी तेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचत होता. ओळी एकमेकींत घुसायला लागल्या, म्हणून त्याने भिंग काढलं, डोळे चोळले. तेव्हा मागून आवाज आला.

"कुणाला शोधतोस रे?"

कपाटांच्या दोन रांगांमध्ये, पार टोकाला, स्टुलावर एक बाई बसली होती. पाठमोरी. त्याला वाटलं, झाडूवाली असेल. किंवा आपल्यासारखीच कुणी.

"वडिलांच्या आईला," तो म्हणाला.

"कुठल्या पुस्तकात?"

"जन्माच्या."

"तिथं नसेल. गेलेल्यांच्या पुस्तकात बघ."

त्याला हसू आलं. दमलेल्या माणसाला येतं तसं. "अहो आजी, माझे वडील जिवंत आहेत."

बाईची पाठ ताठ झाली.



"जिवंत...?"

"हो."

"मला तर... गेला म्हणाले. बघूही दिला नाही..."

घड्याळजीच्या मानेवर काटा आला.  

"कुठं आहे?"

त्याने सांगितलं. हॉस्पिटल. दुसरा मजला. खाट अकरा. का सांगितलं, ते त्याला आजही कळत नाही.

दार वाजलं नाही. पाऊल वाजलं नाही. त्याने पुन्हा पाहिलं... स्टूल रिकामं.

कुणी दुसरा असता तर धूम ठोकली असती. हा अकरा वर्षं थांबलेला माणूस. त्याने मृत्यूचं पुस्तक खाली काढलं. वडील आश्रमात आले त्याच्या तीन दिवस आधीची तारीख. मृत जन्मलेला मुलगा. बापाच्या रकान्यात आडवी रेघ. आईचं वय सोळा. खाली सही त्याच सुईणीची, तेच वळण. आणि मध्ये आईचं नाव, अख्खं.

नाव विचारू नका. ते त्यांच्या घरचं.

साडेआठला तो हॉस्पिटलात पोचला. दारावरच्या रखवालदाराने नेहमीचा माणूस म्हणून त्याचं नाव स्वतःच लिहून घेतलं. वर गेला. बाबा गाढ झोपले होते, गुडघे पोटाशी घेऊन. उठवायचा धीर होईना. रात्रभर खाटेशी बसून राहिला. सकाळी कानाशी वाकून नाव सांगितलं. बाबांनी डोळे उघडले, दोनदा पुटपुटून पाहिलं, आणि म्हणाले, "हं. माहीत आहे." नऊ दिवसांनी गेले. शांतपणे.

बाबांना नाव सांगितलं, त्याच सकाळी किल्ली द्यायला आला तेव्हा घड्याळजीने मला बसवून हे सगळं सांगितलं. मग म्हणाला, "साहेब, एकदा माझ्याबरोबर हॉस्पिटलात चला. निघताना तिथल्या वहीत एक ओळ दिसली. मी बरोबर वाचलंय का, तेवढं सांगा."

गेलो. रखवालदाराने भेटायला येणाऱ्यांची वही पुढे केली. घड्याळजीच्या नावाच्या वर एक ओळ होती. अक्षर रखवालदाराचंच. पण कोण आलं होतं, ते त्याला काही केल्या आठवेना.

आत यायची वेळ, सात चाळीस. खाट अकरा. रुग्णाशी नातं, आई. सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा.

बाहेर जायच्या वेळेचा रकाना... कोरा.