शेवटी कापायचा हिस्सा

शर्यत संपून तीन दिवस झाले तरी वैजयंता धावायची थांबली नव्हती. आईकडे तर तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. ही कुठली रीत, असं हौसाबाईंनी प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला विचारून झालं होतं. बांधून आणलेल्या भाकऱ्या वाळून गेल्या होत्या. प्रयोगशाळेच्या गोल धावपट्टीवर लेक समोरून यायची आणि खांबाला घालावा तसा आईला वळसा घालून जायची.

डॉ. नाचण्यांनी पुन्हा समजावलं. माणूस महिनोन्‌महिने राबला, तर पडून असलेल्या शरीराला लागते त्याच्या अडीच पटच ऊर्जा तो खर्चू शकतो. कितीही खाल्लं तरी आतडी त्यावर देत नाहीत. शंभर दिवस धावणाऱ्या पायांना जादा द्यायचं, तर दुसऱ्या कुणाचा हिस्सा कापावा लागतो. त्यासाठी वैजयंताच्या मेंदूत ऊर्जावाटक बसवला होता. कापायची यादी तिचीच: आधी नखंकेस, मग पाळी, मग माणसांची ओढ.

"ओढीला कसली वो ऊर्जा?"

"पुष्कळ, बाई. ओढ असली की एकटं वाटतं, आणि एकटं माणूस झोपेतही सावध असतं."

ओढ गेली, एकटेपण गेलं. पण थांबावंसं वाटतं ते घराच्या ओढीनंच, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. धरून थांबवलं तर सगळे अवयव आपापले कापलेले हिस्से एकदम परत मागायला उठतील आणि हृदय बंद पडेल. तिनंच फेरीफेरीनं वेग उतरवायला हवा होता.

हौसाबाईंनी जन्मभर अपुऱ्या भाकऱ्यांत चौदा ताटं वाढली होती. त्यांनी विचारलं, "शेवटी कापायचं काय लिवलंय?"

"राग. धावायला बरा पडतो, म्हणाली."

वैजू तीन वर्षांची असताना तिचा बाप निघून गेला, तो पुन्हा फिरकला नाही. त्याच्याशी तिची तुलना हौसाबाईंनी कधी केली नव्हती. सासूलाही करू दिली नव्हती. त्या पट्टीच्या कडेला उभ्या राहिल्या आणि दर फेरीला तेच बोलल्या.

सातव्या फेरीला पाऊल अडखळलं. विसाव्या फेरीला लेक चालायला लागली. मग समोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत ओळख होती, माया नव्हती.

"काय म्हणालीस?"

ओढ परतायला महिना लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तोवर तिला धरून ठेवायला हा रागच काय तो होता. हौसाबाईंनी पदर खोचला.

"बापावर गेलीस, म्हनलं. जायला पाय हायत तुमाला, माघारी यायला न्हाईत."